कर्मचाऱ्यांवरील कामाचा ताण आणि त्याचा मानसिक आरोग्यावरील परिणाम कसा मोजावा?

ताणाची कारणे आणि त्याचे परिणाम वेगवेगळ्या प्रश्नावल्यांनी मोजा. गल्लत इथेच होते. बरेच जण फक्त पीएसएस-१० ही जाणवणाऱ्या ताणाची प्रश्नावली वापरतात. तिच्यात मागच्या महिन्याबद्दल १० प्रश्न असतात आणि गुण ०–४०. पण ती एकूण आयुष्यातला ताण मोजते, कामाचा नव्हे. शिवाय ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न सकारात्मक असल्याने त्यांचे गुण उलटे धरावे लागतात. ते विसरलात तर बेरजेला अर्थ राहत नाही.

कामातल्या कारणांसाठी ब्रिटनच्या एचएसईची (कामाच्या ठिकाणचे आरोग्य आणि सुरक्षा पाहणारी सरकारी संस्था) ३५ प्रश्नांची प्रश्नावली चांगली. कामाचा बोजा, कामावरचे नियंत्रण, वरिष्ठांचा आधार, सहकाऱ्यांचा आधार, परस्परसंबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल अशी सात अंगे ती तपासते. सातही गुण वेगळे पाहा. एकच सरासरी काढली तर नेमके काय सुधारायचे ते कळत नाही.

परिणामांसाठी पीएचक्यू-९ (नैराश्य, गुण ०–२७) आणि जीएडी-७ (चिंता, गुण ०–२१) या प्रश्नावल्या घ्या. दोन्हींत १० किंवा जास्त गुण म्हणजे पुढील तपासणी हवी. ते निदान नव्हे. पीएचक्यूचा नववा प्रश्न आत्महत्येच्या विचारांचा आहे. सर्वेक्षण निनावी असेल तर त्याला ‘हो’ म्हणणाऱ्यापर्यंत पोहोचणार कसे? अशा वेळी तो प्रश्न नसलेली पीएचक्यू-८ घ्या.

निनावीपणा मात्र सोडू नका, आणि अगदी लहान गटांचे निकाल वेगळे दाखवू नका. माणूस लगेच ओळखू येतो. एकदाच मोजून कार्यकारणभाव ठरत नाही, कारण खचलेल्या माणसाला तेच काम जास्त जड वाटते. सहा-बारा महिन्यांनी पुन्हा मोजा. मधल्या काळात नोकरी सोडून गेलेल्यांचीही नोंद ठेवा, नाहीतर चित्र उगाच बरे दिसते.