पोलीस ठाण्यात रुजू होण्याआधी

प्रिय प्रशिक्षणार्थी,
अनेक आशीर्वाद.

पोलीस, न्यायालय आणि कारागृह ही समाजनियंत्रणाची तीन अंगं, असं पुस्तकात असतं. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच्या पोलीस अकादमीतून ठाण्यात गेल्यावर मात्र दिसेल की बरंचसं नियंत्रण शिक्षेपर्यंत पोहोचतच नाही. ते चॅप्टर केस (शांतता राखण्याची लेखी हमी घेण्याची कार्यवाही), नोटीस आणि तडीपारीच्या कागदांवर चालतं. गुन्हा शाबीत न होताही माणसाला लगाम घालायची ताकद तिथे हातात येते, म्हणून या कागदांबद्दल जरा सविस्तर लिहितो.

समज, पंचवटीत दोन शेजाऱ्यांत नळाच्या पाण्यावरून तिसऱ्यांदा जुंपली. नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून सोडून दिलं, तर चौथ्यांदा कुणाचं तरी डोकं फुटेल. इथे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 126 कामाला येतं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 107; ठाण्यात बरेच जण अजून ‘एकशे सात’च म्हणतात). शहरात आयुक्तालय असल्याने इस्तगासा, म्हणजे कारवाईचा लेखी प्रस्ताव, सहायक पोलीस आयुक्तांपुढे जातो, ग्रामीण भागात महसूलच्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे. शांतता राखण्याच्या हमीचं हे बंधपत्र जास्तीत जास्त एका वर्षाचं.

फिसकटतं ते इस्तगाशातच. ‘सदर इसम भांडखोर वृत्तीचा असून शांतता भंग होण्याची दाट शक्यता आहे’ एवढ्यावर काम भागवलेलं असतं. एनसी क्रमांक, तारखा, कोण कुठे काय बोललं हे लिही, आणि वाद अजून धुमसतोय हे दाखवणारी ताजी घटना त्यात हवीच. दुसरी चूक म्हणजे चौकशी सुरू न करताच अंतरिम (चौकशी संपेपर्यंतचं) बंधपत्र मागायचं आणि दिलं नाही म्हणून आत टाकायचं. हे वरच्या कोर्टात टिकत नाही. चौकशी सहा महिन्यांत आटोपली पाहिजे. खास कारणं नोंदवून मुदत वाढवलेली नसेल तर कार्यवाही तिथेच संपते. याच संहितेच्या कलम 170 खालची प्रतिबंधात्मक अटक 24 तासांपुरती असते. कुणाला धडा शिकवायला ती वापरू नकोस.

तडीपारी त्याहून जड. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 56 खाली माणसाला जास्तीत जास्त दोन वर्षं हद्दीबाहेर ठेवता येतं. आधी कलम 59 ची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. आदेशावर 30 दिवसांत शासनाकडे अपील आहे. प्रस्तावात दहा वर्षांपूर्वीचे, निर्दोष सुटलेले गुन्हे भरून जाडी वाढवली जाते. त्याने प्रस्ताव बळकट होत नाही, उलट पोकळ आहे हे उघडं पडतं. नाव उघड न करता दिलेले साक्षीदारांचे गोपनीय जबाब दोन असोत, पण ते वरिष्ठांनी पडताळलेले असावेत. एकाच साच्यातले दोन जबाब वकील पहिल्याच तारखेला उचलतो. जालन्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं की हा असाधारण उपाय आहे आणि पूर्ण दोन वर्षं लावायची तर त्याची कारणं आदेशात दिसली पाहिजेत. माझं मत विचारशील तर, अंबडच्या कारखान्यात कामाला असलेल्या पोराला जिल्ह्याबाहेर काढलं की त्याची नोकरी आधी जाते. गुन्हेगारी सुटेलच याची खात्री नाही.

अटकेचंही तसंच. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक गरजेची का, हे लिहावं लागतं. गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 ची, हजर राहायला सांगणारी नोटीस. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा आणि आरोपी साठीपुढचा किंवा आजारी असेल, तर उपअधीक्षकांची परवानगी आधी.

कोर्टाचं काम तुला साक्षीदारांपुरतं दिसेल. समन्स वेळेत बजावलं तरी पुष्कळ झालं. एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात. आरोपी 21 च्या आतला असेल आणि गुन्ह्याला जन्मठेप नसेल, तर 1958 च्या परिविक्षा (तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याच्या) कायद्याप्रमाणे कारणं नोंदवल्याशिवाय कैद देता येत नाही, आणि न्यायालय परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवतं. तुझ्या कागदांत जन्मतारीख, पत्ता आणि घरची माहिती चुकीची असेल तर तो अहवालही लंगडा होतो. पहिल्यांदाच केलेल्या, पाच हजारांखालच्या चोरीत वस्तू परत मिळाली असेल तर आता समाजसेवेची शिक्षा आहे. म्हणून मुद्देमालाची किंमत पंचनाम्यात अंदाजाने ठोकू नकोस.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मागच्या वर्षीच्या बंधपत्रांची नोंदवही मागून घे. किती जणांनी ती मोडली आणि रक्कम वसूल करायला कुणी अर्ज केला का, ते तपास. मोडलं तरी कुणी विचारत नाही हे वस्तीत लगेच कळतं, आणि मग पुढच्या एकशे सातला कोणी भीक घालत नाही. थकलेली प्रकरणं सापडली तर यादी करून वरिष्ठांपुढे ठेव.

कळावे.