वाचकांचे प्रश्न : आपल्याच डावांचे विश्लेषण

प्रश्न : मी बँकेत नोकरी करतो आणि रात्री जेवणानंतर ऑनलाइन बुद्धिबळाचे दहा मिनिटांचे दोन-तीन डाव खेळतो. डाव संपताच संगणकीय विश्लेषण उघडतो. कोठे घोडचूक झाली, अचूकता किती टक्के होती, हे सारे समजते. तरीही वर्षभर माझे रेटिंग १२०० च्या आसपास घुटमळत आहे. विश्लेषण करण्यात माझे काय चुकत असावे? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या पत्रातील वर्णनावरून असे दिसते की, विश्लेषणाचे सगळे काम इंजिन, म्हणजे चाली तपासणारी संगणकप्रणाली, करते आणि आपण त्याचे निकालपत्र वाचता. अमुक चाल घोडचूक होती हे इंजिन सांगू शकते; परंतु ती चाल खेळताना आपल्या मनात काय होते हे त्याला ठाऊक नसते, आणि पुढच्या डावात ती चूक टाळायची असेल तर नेमके तेच शोधावे लागते. म्हणून डाव संपल्यावर इंजिन बंद ठेवून तो पहिल्या चालीपासून पुन्हा पाहावा, आणि ज्या तीन-चार ठिकाणी आपण अडखळलात तेथे कोणत्या चाली विचारात घेतल्या होत्या, प्रतिस्पर्ध्याकडून कोणते उत्तर अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात कोणते आले, हे दोन-दोन ओळींत लिहून काढावे. हे काम उद्यावर टाकू नये, कारण चाली संकेतस्थळावर जपून राहतात, विचार मात्र झोपेबरोबर पुसले जातात. १९४८ साली जगज्जेते झालेले मिखाईल बोटविनिक यांचा तर असा आग्रह असे की, खेळाडूने आपल्या डावांवर टिपणे लिहून ती प्रसिद्ध करावीत, म्हणजे इतरांना त्यांतील चुका दाखवता येतील. आपण प्रसिद्ध केली नाहीत तरी चालेल, पण लिहावीत अवश्य.

एक उदाहरण घेऊ, कारण आपल्या पातळीवर ते वारंवार घडते. (पटावरील घर उभ्या ओळीचे अक्षर, ए ते एच, आणि आडव्या ओळीचा अंक, १ ते ८, यांनी ओळखले जाते.) दोन्ही बाजूंची ई-प्यादी दोन घरे पुढे आली आहेत, पांढऱ्याचा घोडा एफ३ वर आणि उंट सी४ वर आहे, काळ्याने दोन्ही घोडे बाहेर काढले आहेत. आता पांढरा घोडा जी५ वर उडी घेतो आणि एफ७ वरील प्याद्यावर दुहेरी दाब आणतो. काळा डी-प्यादे दोन घरे पुढे सारून उंटाची वाट अडवतो, पांढरा ते प्यादे मारतो, आणि काळा एफ६ वरील घोड्याने परत मारतो. इंजिन या शेवटच्या चालीला चूक म्हणून खूण करील. आपण ती खूण पाहून पुढे गेलात, तर पुढच्या आठवड्यात हीच चाल पुन्हा खेळाल, कारण ती अत्यंत स्वाभाविक वाटते : प्यादे गेले होते, ते परत घेतले. विचारातील चूक या हिशेबातच आहे. पांढरा घोडा एफ७ वर स्वतःचा बळी देतो, राजाने त्याला मारल्यावर वजीर एफ३ वर येऊन शह देतो आणि त्याच वेळी डी५ वरील घोड्यावरही हल्ला करतो; तो घोडा राखायचा तर काळ्या राजाला ई६ वर, म्हणजे भर पटाच्या मध्यावर, उभे राहावे लागते. त्याऐवजी सी६ वरील घोडा ए५ वर नेऊन उंटावर हल्ला करावा आणि एका प्याद्याच्या मोबदल्यात मोहरी बाहेर काढायला वेळ मिळवावा, हा रूढ मार्ग आहे. आपल्या वहीत मात्र ‘घोडा ए५’ एवढेच लिहून भागणार नाही. ‘मारण्याची सोय दिसताच मी प्रतिस्पर्ध्याचा पुढचा शह पाहणे थांबवतो’ असे लिहिलेत, तर ती नोंद या ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या या सुरुवातीच्या, बाहेरही उपयोगी पडेल.

एवढे झाल्यावर इंजिन खुशाल सुरू करावे. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर संगणकीय विश्लेषण विनामूल्य आहे आणि त्यातील ‘चुकांमधून शिका’ ही सोय मला विशेष आवडते, कारण ती योग्य चाल झाकून ठेवून ती आपल्याकडूनच शोधून घेते. इंजिनाच्या आकड्यांनी मात्र फार विचलित होऊ नये. स्टॉकफिश या इंजिनाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘+१’ याचा अर्थ ढोबळपणे असा की, त्या स्थितीतून पांढरा सुमारे ५० टक्के डाव जिंकेल, आणि तेही दोन्ही बाजूंनी इंजिनाच्या ताकदीने खेळले तर. आपल्या डावांत आकडा ०.३ वरून ०.८ वर गेला, यामागे वेळ दवडण्यात अर्थ नाही. जेथे एखादे मोहरे फुकट गेले किंवा जिंकलेला डाव एका चालीत बरोबरीवर आला, तेथेच थांबावे. इंजिनाने सुचवलेली चाल का चांगली आहे हे आपल्याला समजत नसेल, तर तिच्याऐवजी आपल्याला सुचलेली चाल पटावर खेळून पाहावी आणि इंजिन तिला काय उत्तर देते ते पाहावे. बहुधा दोन-तीन चालींत कारण उघड होते.

जलद डावांत आणखी एक गोष्ट तपासावी लागते, आणि तिच्याकडे बहुतेक खेळाडू दुर्लक्ष करतात : घड्याळ. प्रत्येक चालीला किती वेळ लागला याची नोंद संकेतस्थळ ठेवते. ती पाहिल्यास पुष्कळदा असे आढळते की, पंधराव्या चालीपर्यंत निम्मी मिनिटे खर्च झाली आहेत, त्यांतील दोन मिनिटे कोणत्याही चालीने काही बिघडत नव्हते अशा शांत स्थितीत गेली आहेत, आणि मारामारीच्या जागी चाल मात्र तीन सेकंदांत खेळली गेली आहे. वेळेच्या ताणातून मोठे खेळाडूही सुटत नाहीत. २०२५ साली बातुमी येथे झालेल्या महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांचे दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांवर गेला. त्यांतील दुसऱ्या डावाच्या शेवटी, घड्याळ जवळ जवळ संपलेले असताना, जलद प्रकारात दोनदा जगज्जेती ठरलेल्या हम्पीकडूनही चूक झाली आणि दिव्या विजेती ठरली. तेव्हा आपल्या शेवटच्या मिनिटातील घोडचुकीचे मूळ शोधताना त्या चालीकडे कमी आणि आधीच्या वीस चालींवर खर्चिलेल्या वेळेकडे अधिक पाहावे.

रोज तीन डाव खेळून एकाचेही नीट विश्लेषण न करण्यापेक्षा एकच डाव खेळून तो तपासावा, आणि तो शक्यतो हरलेला असावा. अशा वीस-पंचवीस डावांच्या नोंदी झाल्या की त्या एकत्र वाचाव्यात. तेव्हा कदाचित असे लक्षात येईल की, ज्या ओपनिंगला आपण दोष देत होता त्यात फारसे काही बिघडतच नाही, आणि डाव जातात ते हत्ती-प्याद्यांच्या अंतिम डावात, म्हणजे मोजकी मोहरी उरल्यावरच्या शेवटच्या टप्प्यात. मग पुढचे दोन महिने कशाचा अभ्यास करायचा हे कोणाला विचारावे लागणार नाही.

प्रश्न : सरावासाठी १० मिनिटांचा डाव बरा, की १५ मिनिटे आणि प्रत्येक चालीला १० सेकंद वाढीव असा? – एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : दुसरा. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या नियमांनुसार प्रत्येकी १० मिनिटांचा डाव जलद प्रकारात बसतच नाही, तो अतिजलद ठरतो; काही संकेतस्थळे त्याला रॅपिड म्हणतात, एवढेच. वाढीव सेकंदांमुळे जिंकलेला अंतिम डाव खरोखर जिंकून दाखवता येतो, आणि विश्लेषणाला बसल्यावर लिहिण्याजोगा विचारही मुळात झालेला असतो.

प्रश्न : माझ्याविरुद्धच्या एका डावात प्रतिस्पर्ध्याची अचूकता ९६ टक्के दाखवली गेली. तो संगणकाच्या मदतीने खेळत होता असे समजावे का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : एका डावावरून नाही. आपण बाराव्या चालीला वजीर गमावला असेल, तर त्यानंतरच्या त्याच्या चाली कोणालाही सुचतील अशाच असतात आणि टक्केवारी आपोआप वाढते. डाव लांब आणि गुंतागुंतीचा असेल, आणि सोप्या व अवघड अशा प्रत्येक चालीला त्याने सारखाच वेळ घेतलेला दिसत असेल, तर संकेतस्थळावरील तक्रारीची कळ दाबावी आणि पुढील तपास त्यांच्यावर सोपवावा. दरम्यान त्या डावातील आपल्या चाली तपासायला हरकत नाही; त्या तर आपल्याच होत्या.