मोठ्या शहरात श्वसनाचे ढीगभर वर्ग आहेत, नवख्याने कुठून सुरुवात करावी?

संथ श्वासाच्या वर्गापासून करा; जोरजोरात श्वास घ्यायला लावणारी सत्रं पुढे कधीतरी. जाहिरातीत दोन्हींना 'ब्रेथवर्क'च म्हणतात, पण शरीरावरचा परिणाम जवळजवळ उलटा असतो. उच्छ्वास लांबवत मिनिटाला साधारण ६ श्वास घेतले, की हृदयाची गती श्वासाच्या लयीत वरखाली होऊ लागते आणि जीव शांत होतो. अनुलोम-विलोम, भ्रामरी याच वाटेचे. स्टॅनिस्लाव्ह आणि क्रिस्टिना ग्रॉफ यांनी १९७०च्या दशकात घडवलेल्या होलोट्रॉपिक पद्धतीत मात्र बराच वेळ जलद आणि खोल श्वास घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात; गरगरणं, हातापायांना मुंग्या, बोटं आखडणं हे सगळं त्यामुळेच. शिक्षक याला नुसतं 'ऊर्जा मोकळी होतेय' म्हणत असेल, तर तो वर्ग सोडा, हे मी अगदी मनापासून सांगतो. पैसे भरण्याआधी एकदा बसून बघा आणि एवढं तपासा:

- आधी आजारांची, औषधांची चौकशी होते का
- मध्येच थांबायची मोकळीक आहे का
- एका शिक्षकामागे किती माणसं आहेत (माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच)

गरोदरपण, अपस्मार, हृदयविकार, काचबिंदू किंवा पॅनिक अटॅकचा त्रास असेल, तर जलद श्वासाचे प्रकार आणि श्वास रोखून धरणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.