पेटंट चाकांचे असावे, बोटाचे नव्हे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. पडद्यावरचे कार्ड अंगठ्याने कडेला ओढून ठेवण्याची तुझी कल्पना कंपनीच्या पेटंट समितीने निवडली आणि अमेरिकेतील अर्जावर संशोधक म्हणून सही करावी की नाही, या विचाराने तू अस्वस्थ आहेस. भारतात पेटंट कायद्याचे कलम ३(के) निव्वळ संगणक-प्रोग्रामला पेटंट देत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

संगणकाचा माउस शोधणाऱ्या डग्लस एंगेलबार्टच्या माउसला १९७० मध्ये पेटंट मिळाले, ते एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या दोन चाकांच्या रचनेला. पडद्यावर हवे तिथे बोट दाखवण्याची क्रिया मात्र सर्वांसाठी मोकळी राहिली. पेटंट चाकांचे असावे, बोटाचे नव्हे. ॲमेझॉनला १९९९ मध्ये एका क्लिकच्या खरेदीवर पेटंट मिळाले आणि त्याच डिसेंबरात न्यायालयाने बार्न्स अँड नोबल या प्रतिस्पर्धी पुस्तकविक्रेत्या कंपनीला तशी सोय देण्यास मनाई केली. २००१ मध्ये अपील न्यायालयाने पेटंटच्या वैधतेवरच शंका घेऊन ती मनाई उठवली, पण तोवर ऐन नाताळचा हंगाम उलटून गेला होता. फोन सरकवून उघडण्याचे ॲपलचे पेटंट जर्मनीत २०१५ मध्ये रद्द ठरले आणि अमेरिकेत २०१६ मध्ये टिकले. अंगठा तोच, सरकवणे तेच!

‘दुसऱ्याने खटला भरलाच तर बचावासाठी पेटंट सगळेच घेतात’ असे तू लिहिलेस, ते मला मुळीच पटत नाही. उद्या कंपनी विकली गेली, तर पेटंट विकत घेणारा तुझ्या हेतूशी बांधील नसतो.

मी अशीच सही केली होती. यादीतली ओळ ओढून क्रम बदलण्याची साधी सोय होती. वकिलांनी दावा, म्हणजे पेटंटचा हक्क नेमका कशावर ते सांगणारे वाक्य, इतका ऐसपैस लिहिला की पुढे त्याच्या जोरावर दोघांच्या एका छोट्या कंपनीला नोटीस गेली आणि त्यांनी ती सोय काढून टाकली. त्यांनी आमच्या प्रोग्रामची एक ओळही पाहिलेली नव्हती. मी घराच्या हप्त्यांत अडकलो होतो आणि माझ्या एकट्याच्या नकाराने अर्ज थांबला नसता, हे खरेच आहे, आणि आजही मी ते म्हणणे सोडायला तयार नाही. तरीही संशोधक म्हणून नाव माझे होते.

म्हणून सहीपूर्वी दाव्यांचा मसुदा मागून घे आणि पहिला दावा नीट वाच. ओढलेले कार्ड कमी मेमरीत आणि न अडखळता हलावे म्हणून तू जी युक्ती योजलीस, ती त्यात असेल तर खुशाल सही कर, कारण ती तुझी चाके आहेत. केवळ ‘वापरकर्ता ओढतो आणि कार्ड सरकते’ एवढेच असेल, तर नकार लेखी दे. मसुदा मिळताच मला सांग, आपण शेजारी बसून वाचू.

तुझा,
काका