टूर ऑटो: सकाळी रस्ता, दुपारी सर्किट, संध्याकाळी पुन्हा रस्ता

फ्रान्समध्ये दर वसंतात 'टूर ऑटो' ही जुन्या गाड्यांची रॅली भरते. पाच दिवसांत साधारण 2,000 किमी अंतर कापायचं, बंद केलेल्या रस्त्यांवर स्पेशल स्टेज (वेळ मोजून धावायचे टप्पे) करायच्या आणि वाटेत लागणाऱ्या सर्किटांवर, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर, शर्यती. तिथे उतरू पाहणाऱ्या वाचकांच्या काही प्रश्नांची उत्तरं पुढे देत आहोत.

ही रॅली म्हणायची की रेस? आणि आमच्याकडे वडिलांची पद्मिनी आहे, ती चालेल का? (पुणे)

दोन्ही, आणि खरी गंमत त्यातच आहे. मूळ 'टूर द फ्रान्स ऑटोमोबील' 1899 साली सुरू झाली आणि 1986 पर्यंत, मध्ये खंड पडत, चालली. 1992 मध्ये जुन्या गाड्यांसाठी तिचं पुनरुज्जीवन झालं. 1956 ते 1964 सलग नऊ वर्षं फेरारी 250 जीटी घराण्यातल्या गाड्याच जिंकत राहिल्या. नंबर प्लेट लावून शेकडो किलोमीटर रस्त्याने जायचं आणि त्याच टायरवर सर्किटवर भिडायचं, हे त्या गाड्यांना जमत होतं.

आज दोन विभाग असतात. कॉम्पिटिशनमध्ये स्टेज आणि सर्किट दोन्हीकडे वेगच मोजतात. निकालही दोन लागतात: एक सरळ वेळेचा, दुसरा 'इंडेक्स'चा, ज्यात लहान आणि जुन्या इंजिनाला गुणांकाचा फायदा मिळतो. रेग्युलॅरिटीमध्ये ठरवून दिलेला सरासरी वेग राखायचा असतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने मुकाट्याने रेग्युलॅरिटी निवडावी.

पद्मिनीचं उत्तर मात्र 'नाही' असंच. या रॅलीचा गाभा 1951 ते 1973 दरम्यान मूळ शर्यतीत धावलेल्या मॉडेल्सचा आहे. फियाट 1100 ला 'पद्मिनी' हे नाव मिळालं तोवर तो काळ संपला होता. तिच्यासाठी आपल्याकडच्या व्हिंटेज रॅल्या आहेतच.

माझी 1966 ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे. सर्किटवर चौथ्या फेरीत ब्रेकचं पेडल थेट फ्लोअरला टेकलं. पॅड नवे होते. चूक कुठे झाली? (म्युनिक)

आधी पेडल काय सांगतंय ते ओळखा. पेडल दगडासारखं कडक, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून पकड सुटली आहे. पेडल स्पंजासारखं होऊन खाली जातंय आणि दोन-तीनदा पंप केल्यावर थोडं वर येतंय, तर ब्रेक ऑइल उकळून वाफ झाली आहे. पहिल्यांदा खोल जातं आणि लगेच दुसऱ्यांदा व्यवस्थित लागतं, तर पुढच्या चाकाच्या बेअरिंगला ढिलाई आहे: डिस्क हलते आणि पॅडना मागे ढकलते. एमजीबीला पुढच्या बेअरिंगचा एंडफ्लोट (आत-बाहेर हलण्याची मोकळीक) 0.05 ते 0.10 मिमी हवा. डायल गेजने मोजा, हाताने हलवून अंदाज करू नका.

तुमच्या वर्णनावरून दुसरी शक्यता वाटते. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान 230 अंशांना उकळतं, पण हवेतला ओलावा शोषल्यावर ती हमी 155 पर्यंत उतरते. वर्षभर गाडीत पडून राहिलेलं ऑइल शहरात कधीच दगा देत नाही. सर्किटवर मात्र चार फेऱ्यांत देतं. म्हणून निघण्याच्या आठवड्यात सगळं ऑइल बदला आणि सोबत सीलबंद अर्धा लिटर ठेवा. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ब्लीड करताना, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना, मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं हा क्रम ठेवा, म्हणजे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. दर दोन सर्किटांनंतर पुन्हा एकदा ब्लीड करा.

पॅडची निवड करताना बरेच जण फसतात. पूर्ण रेसचे पॅड घातले तर सकाळी थंड रस्त्यावर पहिल्या वळणाला गाडी थांबतच नाही. 'फास्ट रोड' जातीचे घ्या. ते बसवायला ताशी 80 किमीवरून 20 पर्यंत, मध्ये थंड व्हायला वेळ देत, साधारण दहा वेळा ब्रेक लावा आणि मग गाडी पूर्ण निवू द्या. मागच्या ड्रमचे लायनरही तपासा. ते घासले आणि अॅडजस्टर आवळला नाही, तरीही पेडल खोल जातं.

शर्यत संपल्यावर एक फेरी ब्रेक न लावता सावकाश मारा. पॅडॉकमध्ये हँडब्रेक ओढू नका, चाकाखाली लाकडी ठोकळा ठेवा. उभ्या गाडीत डिस्कची उष्णता कॅलिपरमध्ये (पॅड दाबणाऱ्या भागात) झिरपते आणि ऑइल तेव्हाही उकळू शकतं. त्यामुळे सर्किट सोडून रस्त्याला लागण्याआधी गेटपाशीच एकदा पेडल दाबून पाहा.

पत्नी नेव्हिगेटर असेल. ट्रिपमीटर (अंतर मोजणारा मीटर) जुळवायचा कसा, आणि एवढ्या-तेवढ्या चुकीने खरंच फरक पडतो का? (ठाणे)

पडतो. समजा 10 किमीच्या मोजलेल्या पट्ट्यावर तुमचा मीटर 9.87 दाखवतो. गुणांक झाला 10 भागिले 9.87, म्हणजे सुमारे 1.013. हा न लावता 25 किमीचा रेग्युलॅरिटी टप्पा धावलात, तर शेवटी साधारण 325 मीटरची चूक होईल. ताशी 48 किमीला एक किलोमीटर 75 सेकंदांत होतो, म्हणजे 24 सेकंद गेले. तिथे दंड सेकंदाप्रमाणे लागतो.

वहिनींनी चार आकडे पाठच करावेत: ताशी 48 ला किलोमीटरला 75 सेकंद, 45 ला 80, 40 ला 90, 36 ला 100. सरासरी मध्येच बदलली की बदलाच्या ठिकाणाचं अंतर आणि वेळ लिहून तिथून नवा हिशेब धरायचा. आधीचा हिशेब ओढत नेला की गोंधळ होतो.

ट्रिपमीटरचा सेन्सर इंजिन ज्याला फिरवत नाही अशा चाकावर बसवा, कारण ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरलं की मीटर उगाच पुढे पळतो. टायरही लक्षात घ्या: नक्षी 8 मिमीवरून 3 मिमीवर आली की 310 मिमीच्या त्रिज्येत दीड टक्क्याहून जास्त फरक पडतो. सर्किटवर दोन सत्रांत टायर बरेच झिजतात, म्हणून तिसऱ्या दिवशी मीटर पुन्हा जुळवा.

टाइम कंट्रोलला, म्हणजे ठरलेल्या मिनिटाला हजेरी द्यायच्या चौकीवर, लवकर पोहोचणं हे उशिरापेक्षा महाग आहे. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या रॅली नियमांत उशिराच्या प्रत्येक मिनिटाला 10 सेकंद दंड, तर लवकर आल्यास मिनिटाला पूर्ण एक मिनिट. फलकाच्या अलीकडे थांबा आणि आपलं मिनिट लागल्यावरच कार्ड पुढे करा. लवकर पोहोचून चहा पिऊ या, असा बेत असेल तर चहा फलकाच्या अलीकडे प्या.

गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी चालू केलं की गाडी भकभकते, आणि लांब वळणात पॉवर जाते. दोन्हीचं कारण एकच का? (मुंबई)

नाही. पहिलं व्हेपर लॉकचं लक्षण आहे: पंप आणि कार्ब्युरेटरच्या मधल्या नळीत पेट्रोलची वाफ होते. नळी एक्झॉस्टपासून दूर न्या, मध्ये पत्र्याचा आडोसा द्या, आणि बंद करण्याआधी दोन मिनिटं मंद गतीने चालू ठेवा. इथेनॉल असलेलं पेट्रोल लवकर वाफ होतं. फ्रान्समध्ये ई10 (10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल) टाळून 98 ऑक्टेनचं घ्या, त्यात इथेनॉल 5 टक्क्यांपर्यंतच असतं. आपल्या ई20 वर चाललेल्या गाडीच्या जुन्या रबरी नळ्या तर निघण्याआधी बदलाच.

वळणात पॉवर जाण्याचं कारण दोनपैकी एक. टाकी पावपेक्षा कमी असली तर पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. टाकी निम्मी ठेवून तोच त्रास राहिला तर कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटची लेव्हल तपासा. त्याच वळणात ऑइल प्रेशरचा काटाही पडत असेल, तर बाकी सगळं सोडून गाडी थांबवा. चेंबरमधलं ऑइल कडेला सरकतं आहे आणि बेअरिंग कोरडं फिरतंय. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा आणि चेंबरमध्ये आडवे पत्रे बसवून घ्या.

कागदपत्रं आणि सामान? (कोल्हापूर, दोन वाचक)

कॉम्पिटिशनसाठी गाडीचा एफआयएचा ऐतिहासिक तांत्रिक पासपोर्ट लागतो. त्यावर लिहिलेल्या भागांपेक्षा वेगळा भाग बसवलेला दिसला तर तपासणीतच अडवतात. हेल्मेट, सूट, सीट, पट्टे यांवरचं एफआयएचं लेबल आणि मुदत आजच वाचून ठेवा. चांगला दिसणारा पट्टा मुदत संपली म्हणून बाद होणं ही नेहमीची गोष्ट आहे. गाडी भारतातून न्यायची तर कार्ने द पासाज (गाडी तात्पुरती परदेशी नेण्याचा सीमाशुल्काचा कागद) मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळतो. परवान्यासोबत आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवानाही घ्या.

सर्किटवर आवाजही मोजतात: सायलेन्सरच्या तोंडापासून 50 सेंमीवर, 45 अंशांच्या कोनात. घरी एकदा मोजून पाहा.

सामान कमी आणि नेमकं असावं: पॉइंट, कंडेन्सर, रोटर, फॅन बेल्ट, रेडिएटरच्या दोन्ही नळ्या, क्लच आणि ब्रेकचे रबर किट, 5 लिटर 20डब्ल्यू-50 ऑइल, ट्यूब, स्टेपनी. दोन स्टेजमधला रस्ता सर्वांसाठी खुला असतो. गावाबाहेर बहुतेक ठिकाणी ताशी 80 आणि गावात 50 ची मर्यादा पाळा.