बडोदा ते न्यूयॉर्क : अंतर किती आणि वेळ किती?

आपण विचारले आहे की, बडोद्याहून न्यूयॉर्क किती लांब आहे, आणि मुंबईहून रात्री २ ला निघालेले विमान तिथे त्याच दिवशी सकाळी ८.३० ला पोहोचते असे तिकिटावर असेल, तर प्रवास साडेसहा तासांचाच समजावा का. मुलगी तिकडे असल्याने दांडिया बाजारातून निघून हा प्रवास मी काही वेळा केला आहे, म्हणून लिहितो.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, त्यामुळे तिथे सकाळचे ८.३० वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे ६ झालेले असतात. म्हणजे प्रवास १६ तासांचा झाला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे घेतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत हा फरक साडेदहा तासांचा राहतो.

मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. बडोद्याहून मोजल्यास ते तीनेकशे किलोमीटरने कमीच भरते, पण आपल्याकडून थेट विमान नसल्याने त्याचा उपयोग नाही! भिंतीवरच्या नकाशात दोन्ही शहरे जोडणारी सरळ रेघ अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते, परंतु त्या रेघेने गेल्यास अंतर १४,००० किलोमीटरच्याही वर जाईल. घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोरा ताणून पाहावा. तो वर सरकत ६५ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, उत्तर ध्रुववृत्ताच्या थोडा खाली जातो. प्रत्यक्षात विमानाला एवढाही सरळ मार्ग मिळत नाही, कारण वारे आणि बंद हवाई हद्दी टाळाव्या लागतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हद्द भारतीय विमानांना बंद केल्यावर त्यांना मोठा वळसा घ्यावा लागला.

येताना मात्र तोच प्रवास साधारण चौदा तासांत होतो. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह परतीच्या विमानाला पाठीमागून ढकलतात, आणि जाताना तेच वारे समोरून येत असल्याने शक्य तितके टाळून उडावे लागते. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो.

घरापासून घरापर्यंतचा हिशेब वेगळाच आहे. मुंबईपर्यंत रेल्वेचे सुमारे ३९० किलोमीटर, म्हणजे पाचेक तास धरावेत. मुंबई सेंट्रलपर्यंत न जाता बोरिवलीला उतरावे, कारण तिथून विमानतळ जवळ पडतो. त्यापुढे टॅक्सी, विमानतळावरचे तीन-चार तास, उड्डाण आणि पलीकडची पासपोर्ट-तपासणीची रांग मिळून अठ्ठावीस ते तीस तास सहज होतात.

आणि तारीख नीट वाचावी. तिकिटावर १५ तारखेचे रात्रीचे २ असतील, तर बडोद्याहून १४ तारखेला दुपारीच निघायला हवे. पहिल्या खेपेस मी १५ च्या दुपारच्या गाडीचे आरक्षण करून बसलो होतो. मुलीने फोनवर विचारले म्हणून वेळेवर लक्षात आले.