शाळेत गाणं शिकवताना पद्धत कुणाची धरायची?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला: गायनात विशारद (शास्त्रीय संगीताची पदवीसारखी परीक्षा) झालात, ऐरोलीच्या शाळेत तिसरी ते आठवीला संगीत शिकवायला लागलात, वर्गात पन्नासेक मुलं, आठवड्याला एकच तास. मुलांना संगीत शिकवण्याच्या पद्धती घडवणाऱ्या कोदाय, ऑर्फ, दालक्रोझ या युरोपीय संगीतकारांबद्दल वाचलंत आणि आता यांच्यातलं कोण धरावं, की आपली गांधर्व महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमाचीच वाट बरी, हे ठरत नाहीये.

ठाण्यातल्या शाळांमध्ये माझी बरीच वर्षं गेली. त्यावरून सांगते, पद्धत आधी निवडू नका. समोर बसलेल्या मुलांनी तुम्हाला निवडलेलं नाही, इथून सुरुवात करा. आपण गुरुजींकडे गेलो ते गाण्यासाठीच गेलो. ही मुलं गणिताचा तास संपला आणि वेळापत्रकात पुढे संगीत आहे म्हणून बसलेली असतात. आपण शिकलो त्याच क्रमाने अलंकार (स्वरांचे पलटे), मग भूप राग, मग सरगमगीत असं नेलं तर पाच-सहा गळे पुढे येतात आणि बाकीची तोंड हलवत बसतात. तुमची पद्धत त्या बाकीच्या मुलांसाठी घडवायची आहे.

तुम्ही ज्यांची नावं घेतलीत त्यांनीही हेच केलं होतं. दालक्रोझ जिनिव्हात शिकवत होते. विद्यार्थ्यांना स्वरलेखनाचे नियम येत होते, पण ताल-सूर अंगात उतरला नव्हता. म्हणून त्यांनी मुलांना उभं केलं, चालायला लावलं. कार्ल ऑर्फ यांच्यासमोर 1924 पासून म्युनिकमध्ये नृत्य शिकणाऱ्या मुली होत्या, म्हणून त्यांचं शिक्षण टाळ्या, पावलं आणि तालवाद्यांतून फुललं. कोदाय यांनी बेला बार्तोक यांच्यासोबत हंगेरीची लोकगीतं गोळा केली आणि शाळेतलं गाणं त्यांच्यावर उभं केलं. आपल्या विष्णु दिगंबर पलुस्करांचंही तेच. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा राजाश्रय सोडून सामान्य घरातल्या माणसाला गाणं द्यायचं होतं, म्हणून वर्ग, स्वरलिपी, अभ्यासक्रम आले. यांतली कुठलीच पद्धत जशीच्या तशी ऐरोलीत बसणार नाही. त्यांनी आपापल्या विद्यार्थ्यांकडे जसं बघितलं, ते मात्र घेण्यासारखं आहे.

आता तुमच्या वर्गाकडे येऊ. पहिलं काम पट्टीचं, म्हणजे सा कुठल्या उंचीवर धरायचा त्याचं. बहुतेक गायिकांसारखी तुमची पट्टी काळी चारच्या (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या) आसपास असेल. तुमचा मध्य षड्ज, म्हणजे मधल्या सप्तकातला सा, लहान मुलांना फार खाली पडतो. ती घशातून गुरगुरतात आणि आपण त्यांना बेसूर म्हणतो. पांढरी दोन (दुसरी पांढरी पट्टी) धरा. म्हणजे तुमच्या तीव्र मध्यमाच्या जागी त्यांचा सा येईल आणि तिथून पंचम-धैवतापर्यंत बहुतेकांचा गळा सहज जाईल. तुम्हाला वर गावं लागेल, गा. एवढ्या एका बदलाने अर्धा वर्ग सुरात येताना मी पाहिला आहे. पुरुष शिक्षक खालच्या सप्तकात गातात तेव्हा मुलांचा जास्तच गोंधळ होतो. त्यांनी सूर एखाद्या मुलाकडून किंवा पेटीवर द्यावा.

तरीही काही मुलं एकाच स्वरावर अडकलेली राहतात. त्यांना ‘माझा सूर धर’ म्हणून काही होत नाही, कारण स्वतःचा सूर धरलेला कसा वाटतो हेच त्यांना ठाऊक नसतं. तेव्हा उलटं करा. त्या मुलाला कुठलाही एक स्वर लांबवायला सांगा आणि तो तुम्ही धरा. दोन्ही आवाज मिळाले की मुलाच्या चेहऱ्यावर कळतं. मग तिथून दोघांनी मिळून एकच स्वर वर जायचं. काहींचा वरचा आवाज उघडलेलाच नसतो, त्यांना भाजीवाल्याची आरोळी द्यायला सांगा, हसत हसत तार सप्तकात जातात. हे चौघा-पाचांच्या घोळक्यात करा. एकट्याला सगळ्या वर्गासमोर उभं करू नका, आणि ‘तू नुसते ओठ हलव’ हे वाक्य कुठल्याही मुलाला कधीही म्हणू नका. त्या एका वाक्यामुळे आयुष्यभर न गायलेली किती मोठी माणसं मला भेटली आहेत!

बाहेरून काय घ्यायचं ते सांगते. कोदाय यांच्या हाताच्या खुणा, म्हणजे प्रत्येक स्वराला हाताची एक खूण, जरूर घ्या. त्या इंग्लंडच्या जॉन कर्वेन यांच्याकडून आलेल्या, आणि त्या पद्धतीतला ‘दो’ हा पहिला स्वर आपल्या षड्जासारखाच कुठल्याही पट्टीवर बसतो, त्यामुळे सारेगमला त्या सहज लागतात. ऑर्फ यांचे झायलोफोन शाळा घेणार नाही. बाक, तळहात, डब्यांची झाकणं पुरतात. पाच स्वरांवर मुलांना मोकळं सोडायची त्यांची रीत मात्र आपल्या भूपात सुंदर बसते. मध्यम-निषाद नसल्याने मुलं काहीही गुंफोत, कानाला खुपत नाही. तुम्ही चार मात्रांचा प्रश्न गा, त्यांनी चार मात्रांचं उत्तर द्यायचं. केरवा आणि दादरा हे ताल वऱ्हांड्यात चालून शिकवा, बाकांमध्ये जागा नसते. ठेका आणि बोलांची नावं त्यानंतर.

गाणी कुठून आणायची? तुमच्या शाळेत ऐरोली-दिव्याच्या आगरी-कोळी घरांतली मुलं असतील. त्यांच्याकडे लग्नात धवलारिणी, म्हणजे विधी गाऊन लावणाऱ्या बायका, धवले ही लग्नगीतं गातात. कोपरखैरणे-घणसोलीकडच्या माथाडी कुटुंबांतल्या मुलांकडे साताऱ्याकडच्या ओव्या आणि भजनं असतील. मल्याळी, उत्तर भारतीय, गुजराती घरांत अंगाई असेल. मुलांना घरून एकेक गाणं आणायला सांगा, जमल्यास एखाद्या आजीला वर्गात बोलवा. ही गाणी बहुधा चार-पाच स्वरांत फिरतात, मुलांच्या कानात आधीच असतात. ती नीट बसली की त्यांतलेच स्वर ओळखायला लावा. हाच तुमचा पहिला सरगमचा धडा. सा, रे, ग, म हा पेटीच्या पट्ट्यांचा क्रम आहे, कानाला तो त्याच क्रमाने भेटेल असं नाही.

सातवी-आठवीतल्या मुलांचा कंठ फुटत असतो. त्यांना मोठ्याने गायला लावू नका. जेमतेम चार-पाच स्वर हाती असतील तर त्यांत बसेल असा धरलेला षड्ज किंवा छोटं पालुपद द्या, बाकी ताल सोपवा. त्यांना ऐकायलाही न्या. ठाणे महापालिकेचा पंडित राम मराठे स्मृती समारोह हा संगीत महोत्सव ठाण्यात होतो, तिथे नेलेली मुलं समोर बसून तबला बघतात, तो परिणाम मोबाइलवर होत नाही.

रोज तास संपल्यावर वहीत तीन ओळी लिहा: मुलांनी न सांगता काय केलं, कुठे हरवली, कुठलं गाणं मधल्या सुट्टीत ऐकू आलं. दोन वर्षांत ही वहीच तुमची पद्धत होते.

राहिले मुख्याध्यापक आणि पालक. स्नेहसंमेलन आणि समूहगान स्पर्धा टळणार नाहीत. पण निवडक पंधराजणांच्या गाण्याबरोबर एक संपूर्ण वर्गाचं गाणं व्हायलाच हवं, हा आग्रह सोडू नका. परीक्षेचं म्हणाल तर संगीताच्या परीक्षा घेणारं गांधर्व मंडळ वाशीतच आहे. ज्यांना प्रारंभिक या पहिल्या परीक्षेला बसायचंय त्यांची तयारी शाळा सुटल्यावर घ्या. वर्गाच्या तासात परीक्षा आणली की पुन्हा तेच पाच-सहा गळे उरतात. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2023 मध्ये कला शिक्षणाला अभ्यासक्रमात स्वतंत्र स्थान आहे, तास कापला जात असेल तर हे दाखवा.

सगळे वर्ग एकदम बदलायला जाऊ नका. यंदा फक्त पाचवी धरा, त्या वयात गायची लाज आलेली नसते. दिवाळीच्या सुट्टीआधी त्या सगळ्या पन्नास मुलांना पालकांसमोर वीस मिनिटं गाऊ द्या, आणि पुढच्या वर्षी जास्त तास मागायचे ते त्यानंतर मागा.